सीडी देते, हात देणार नाही

‘तुम्हा लोकांना सगळं फुकटच लागतं, नाही का?’

सुधीरकाका हसत म्हणाले आणि त्यांनी सीड्यांचा खण ढकलून बंद केला.

ओकव्हिलचं त्यांचं घर. जेवणाच्या टेबलाभोवती मराठी मंडळाच्या स्मरणिकेची समिती बसलेली. मधे साबुदाण्याची खिचडी, ताक. सगळे हसले. एकाला हसता हसता ठसका लागला. काकू आतून म्हणाल्या, अहो, काय हे. त्यांचाही आवाज हसतच होता. मग काकांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या चेहऱ्यावर त्यांना काय दिसलं कुणास ठाऊक. म्हणाले, ‘गंमत केली गं. खिचडी घे.’

मी खिचडी घेतली. उठले नाही, बशी सरकवली नाही. चावत राहिले.

मागितलं काय होतं मी? पानं जुळवायच्या सॉफ्टवेअरची एक कॉपी. उन्हाळ्यापासून दर शनिवारी मी ब्रॅम्पटनहून बस बदलत ओकव्हिलला जात होते. काकांची मुलगी केतकी आणि मी एकाच कॉलेजात, एकाच वर्गात ग्राफिक डिझाइन शिकत होतो. स्मरणिकेची मांडणी तिच्या नावावर होती. करत मी होते. तिच्या खोलीत, तिच्या खुर्चीत, तिच्या लॅपटॉपवर. ती पलंगावर पडून फोनवर मेसेज करायची आणि मधेच मान वळवून म्हणायची, ‘लुक्स गुड.’ मला वाटलं, सॉफ्टवेअर माझ्या घरच्या कॉम्प्युटरवर आलं तर बसचे तास वाचतील. काम लवकर होईल. मंडळाचंच काम. एवढंच.

काका म्हणाले, कॉपी करणं म्हणजे चोरी. इथे कॅनडात नियम असतात, बरं का.

त्याच खणात, त्यांच्याच अक्षरात, मार्करनं नावं घातलेल्या सीड्या होत्या. मंडळातल्या मुलांची नावं. गणपतीत त्यांनी अशाच सीड्या माझ्यासमोर वाटल्या होत्या; या तेव्हा न आलेल्यांच्या उरलेल्या. आरती झाली, प्रसाद झाला, मग सीड्या. ‘घ्या रे, आपल्या आपल्यात कशाला विकत घ्यायचं.’ मी तेव्हा प्रसादाच्या द्रोणांचा ढीग आवरत होते. मला वाटलं, माझ्या नावाची सीडी राहून गेली असेल.

राहून गेली नव्हती. ‘आपल्या आपल्यात’ मी नव्हते.

खरं तर हे मला पहिल्याच दिवशी कळायला हवं होतं. मंडळात पहिल्यांदा गेलो तेव्हा काकांनी बाबांना आडनाव विचारलं. बाबांनी सांगितलं. ‘म्हणजे नागपूरकडचे?’ हो. ‘म्हणजे नक्की कुठले?’ हा प्रश्न गावाबद्दल नसतो. महाराष्ट्रातल्या पोरासोरांनाही हे माहीत आहे. समुद्र ओलांडून, बर्फात उभं राहूनही माणसं तोच प्रश्न विचारतात. बाबा सरळ म्हणाले, ‘बौद्ध आहोत आम्ही.’ काका म्हणाले, ‘अच्छा, अच्छा. आम्ही काही मानत नाही हं तसलं.’ त्या दिवसानंतर त्यांच्या तोंडून आमचं आडनाव मी कधी ऐकलं नाही. आम्ही ‘ब्रॅम्पटनचे’ झालो.

आता केतकीबद्दल.

मी तिच्यावर जळत होते. सरळ शब्द वापरते. तिच्या लॅपटॉपवर जळत होते, त्याच्या बटणांच्या मऊ आवाजावर जळत होते. तिच्या खोलीच्या खिडकीवर, जिच्यातून सरोवराचा निळा पट्टा दिसायचा. आमच्या बेसमेंटच्या खिडकीतून घरमालकाचे बूट दिसायचे आणि जानेवारीत तेही दिसायचे नाहीत, नुसता बर्फ. तिच्या हिवाळी कोटावर जळत होते. ती ‘व्हॉटएव्हर’ म्हणून खांदे उडवायची, त्या खांद्यांवर जळत होते. सगळ्यात जास्त कशावर, सांगू? तिला मागावं लागत नसे. तिच्या आयुष्यात वस्तू आधी यायची, गरज नंतर. त्या दिवशी टेबलापाशी ती एकदाच बोलली. ‘बाबा, कम ऑन. शी जस्ट वाँट्स अ कॉपी.’ आणि ताकाचा ग्लास घेऊन वर निघून गेली. तेवढ्यावर तिचं कर्तव्य संपलं.

मी ते काम पुरं केलं. तिथेच जाऊन, तिच्याच खुर्चीत. का केलं? कारण त्या पानांवर माझंही नाव येईल, असं मी धरून चालले होते. मला माझं नाव छापलेलं बघायचं होतं. पूर्ण, आडनावासकट, ओकव्हिलच्या त्या टेबलावर.

दिवाळीच्या कार्यक्रमात स्मरणिका वाटली. मी शेवटचं पान आधी उघडलं. ‘मांडणी’ आणि पुढे केतकीचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. त्याखाली बारीक टायपात एक ओळ. ‘विशेष आभार : ब्रॅम्पटनचे मित्र.’

ती ओळ मी जुळवलेल्या पानात नंतर घातलेली होती. ओळींमधलं अंतरही चुकलेलं होतं.

परतताना गाडीत बाबांनी ते पान बघितलं. सिग्नल हिरवा झाला तरी बघत राहिले. मागच्यानं हॉर्न मारला. बाबा म्हणाले, ‘तुनं काऊन नाही विचारलं?’ मी म्हटलं, काय विचारणार. बाबा म्हणाले, ‘मित्र म्हंते. मित्राले नाव नसते का?’

बाबा एका ट्रकिंग कंपनीत हिशेब बघायचे. नागपुरात ते पत्रकं लिहायचे. सरकारी नोकरी सांभाळून, दर जयंतीला, दर मोर्चाला, दर अन्यायाला एक पत्रक. मी त्या पत्रकांवर वाढले. माझ्या पाठ्यपुस्तकांना उरलेल्या पत्रकांची कव्हरं असायची. अक्षरं मी त्यांच्यावरच गिरवली. ‘अ’ अननसाचा असतो हे मला शाळेत गेल्यावर कळलं. घरी तो अन्यायाचा होता. प्रत्येक पत्रकाच्या तळाशी बाबांची एक ओळ ठरलेली असायची. ‘वाचून झाल्यावर पुढच्या माणसाला द्या.’ घरी ठेवून घेणाऱ्या माणसाचा बाबांना राग यायचा. ते म्हणायचे, पत्रक ट्रंकेत गेलं की मेलं.

त्या हिवाळ्यात माझा कॉम्प्युटर बंद पडल्यातच जमा झाला. बाबांच्या ऑफिसनं टाकून दिलेला तो डबा. चालू केला की विव्हळायचा, व्हायरसनं भरलेला. कॉलेजची लॅब संध्याकाळी बंद व्हायची आणि माझा प्रोजेक्ट अर्धा राहायचा. वर्गात केतकी पुढच्या बाकावर बसून लॅपटॉप उघडायची. झाकणाच्या मागचा दिवा पेटायचा. मला तो दिवा मुद्दाम माझ्यासाठी पेटवल्यासारखा वाटायचा.

माझ्या शेजारी नलिनी बसायची. स्कारबरोची. तमिळ. लढाईतून पळून आलेलं घर. ती फार बोलायची नाही. एकदा माझा वैताग बघून तिनं बॅगेतून कागदी पाकिटातली एक सीडी काढली आणि माझ्या वहीवर ठेवली. लिनक्स, कॉम्प्युटर चालवणारी फुकट सिस्टिम. म्हणाली, घालून बघ. आवडलं नाही तर काढून घे, तुझं काही पुसलं जाणार नाही. मी विचारलं, परत कधी देऊ? ती म्हणाली, परत नको. कॉपी काढ आणि दुसऱ्या कुणाला दे.

मी पाकीट उलटलं. मागे इंग्रजीत तेच छापलं होतं. वापरा, कॉपी करा, बदला, पुढे द्या.

मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. कॅनडातल्या एका कॉलेजात, एका तमिळ मुलीच्या बॅगेतून माझ्या बापाचं पत्रक निघालं होतं.

रविवारी सीडी घातली. बाबा बाहेर ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसत होते. फावड्याचा खरखर आवाज येत होता आणि आत पडद्यावर नवीन सिस्टिम उघडत होती. मातकट रंगाची. ओबडधोबड. केतकीच्या लॅपटॉपसमोर अगदीच गावठी. माझा चेहरा पडला. पण तो विव्हळणारा डबा विव्हळायचा थांबला होता. दोन दिवस सीडीवरूनच चालवून बघितलं. मग जुनी सिस्टिम पुसून टाकायचं बटण दाबलं.

मग शोध सुरू झाला. कुणी म्हणेल ज्ञानाची भूक. नाही. तो मत्सराचा शोध होता. केतकीकडे जे जे होतं, ते ते मला हवं होतं. तिच्याकडे फोटो दुरुस्त करायचं सॉफ्टवेअर आहे ना? मी शोधलं. सापडलं. तिच्याकडे रेषांची चित्रं काढायचं आहे ना? शोधलं. सापडलं. काळ्या शाईच्या डोंगराचं चिन्ह होतं त्याला. पुस्तिका जुळवायला, अक्षरं घडवायला, आवाज कापायला, सगळ्याला काही ना काही होतं. शोधायच्या चौकटीत शब्द टाकायचा, खूण करायची, ते उतरायला लागायचं. सीरियल नंबर नाही. खण नाही. खणापाशी उभा असलेला काका नाही.

काही सॉफ्टवेअरं नीट चालायची नाहीत. एक तर चित्र उघडतानाच बंद पडायचं. प्रिंटरनं पंधरवडा दाद दिली नाही. केतकी एका झटक्यात जे करायची, त्याला मला आडवळणानं जावं लागायचं. प्रत्येक आडवळणावर मी तिला मनात शिव्या दिल्या. पण एक गोष्ट तिच्या लॅपटॉपवर कधी घडली नव्हती आणि माझ्या डब्यावर घडली. काहीही विकत न आणता, कुणालाही न विचारता मी मराठी टाइप केलं आणि ते मराठीच राहिलं. ईमेलमध्ये मराठी, फाइलच्या नावात मराठी. नलिनीला पाठवलं, तर तिच्याकडेही मराठीच.

फक्त एक अक्षर तुटायचं. ‘पायऱ्या’ लिहिलं की त्यातला अर्धा र भलतीकडे जाऊन बसायचा. फाँट बनवणाऱ्यांना कळवायची सोय होती. मी घाबरत घाबरत इंग्रजीत लिहिलं. बरोबर अक्षर कसं दिसतं त्याचं चित्र काढून जोडलं. खाली पूर्ण नाव लिहिलं, सवयीनं. पाठवल्यावर आडनाव लिहिल्याची धाकधूक वाटली. ही धाकधूक मी नागपूरहून इथे बॅगेत भरून आणली होती.

उत्तर आलं. कुण्या अनोळखी माणसाचं. कुठल्या देशातला तेही माहीत नाही. चूक बरोबर पकडलीस, चित्राचा उपयोग झाला, आणखी काही दिसलं तर कळव. एवढंच. कुठली म्हणून विचारलं नाही. म्हणजे नक्की कुठली, हेही विचारलं नाही. काही महिन्यांनी फाँटची नवी आवृत्ती उतरवली. ‘पायऱ्या’ सरळ उभ्या होत्या. सोबतच्या फाइलमध्ये मदत करणाऱ्यांची नावं होती आणि त्यांत माझं होतं. पूर्ण. मी लिहिलं होतं तसं.

बाबांना बोलावलं. त्यांनी चष्मा पुसून वाचलं. मग म्हणाले, ‘हे तुले वळखते का?’ मी म्हटलं, नाही. ‘मंग नाव कसं काय टाकलं?’ मी म्हटलं, काम केलं म्हणून.

बाबा उभेच राहिले. एवढी साधी गोष्ट. काम केलं म्हणून नाव. या साध्या गोष्टीसाठी त्यांनी आयुष्यभर पत्रकं वाटली होती.

त्या दिवशी मला ओकव्हिलच्या टेबलावरची ती खिचडी पुन्हा आठवली आणि पहिल्यांदा नीट कळलं की माझा राग सीडी न मिळाल्याचा नव्हता. सीडी त्यांचीही नव्हती. तीही कुणाची तरी कॉपीच होती. चोरीचा माल वाटतानाही त्यांनी जात बघितली होती. आणि फुकट काय असतं ते मला शिकवत होते.

पुढच्या उन्हाळ्यात काकांचा फोन आला. केतकीला नवीन लॅपटॉप घेतला होता, चंदेरी, वेगळ्याच सिस्टिमचा. जुना कुणाला तरी देऊन टाकला होता. आता स्मरणिकेच्या जुन्या फाइली उघडल्या की मराठीच्या जागी नुसती चिन्हं दिसत होती. विकत आणलेला फाँट नव्या यंत्रावर चालत नव्हता आणि त्या महागड्या सॉफ्टवेअरला दुसरी मराठी नीट जोडता येत नव्हती. काका आधी हवापाण्याचं बोलले. बाबांची चौकशी केली. मग मुद्द्यावर आले. केतकी म्हणाली तुझ्याकडे काहीतरी आहे, त्यात मराठी छान येतं. आणि विचारलं, ‘फ्री असतं म्हणे ते?’

खरं सांगते, माझ्या तोंडाशी त्यांचंच वाक्य आलं होतं. तुम्हा लोकांना सगळं फुकटच लागतं, नाही का? जिभेच्या टोकावर होतं. फेकायचं आणि फोन ठेवायचा.

पण पाकिटाच्या मागची ओळ आठवली. पुढे द्या. कुणाला द्या, कुणाला नको, असं तिथे लिहिलेलं नव्हतं. बाबांच्या पत्रकावरही नव्हतं. मोर्चात बाबा पोलिसांच्या हातातही पत्रक द्यायचे. मला हा नियम त्या क्षणी अजिबात आवडला नाही. मला खण हवा होता. मला तो काकांच्या तोंडावर बंद करायचा होता. एवढं जळून मला एक खण मिळाला होता आणि माझंच तत्त्व मला तो बंद करू देत नव्हतं.

मी म्हटलं, ‘सीडी देते, काका. केतकीला कॉलेजात देईन.’

‘अगं, सीडी घेऊन ती काय करणार? तिला कुठे वेळ आहे? तूच ये ना शनिवारी. गेल्या वर्षीसारखं.’

‘मांडणी म्हणून माझं नाव छापणार?’

‘छापू की. त्यात काय.’

‘आडनावासकट?’

काका हसले, तेच हसू. ‘आडनावाचं काय घेऊन बसलीस? आपण इथे सगळे मराठी.’

‘मग तुमचंही काढा,’ मी म्हटलं.

काका म्हणाले की मंडळासाठी एवढंसुद्धा करवत नाही म्हणजे कमाल आहे, आणि हल्लीच्या मुलांना उपकाराची जाणीव नसते, आणि त्यांनी आमच्यासाठी किती काय केलं. मी सगळं ऐकून घेतलं. मग म्हटलं, ‘सीडी देते. हात देणार नाही.’

फोन मी ठेवला. बाबा समोर बसून भाजी निवडत होते. मान वर न करता म्हणाले, ‘बरं केलं.’

केतकीला मी सीडी दिली. कॉपी काढून, पाकिटात घालून, कशी घालायची ते समजावून. तिनं ‘थँक्स’ म्हणून बॅगेत टाकली. तिनं ती कधी उघडली असेल असं मला वाटत नाही. त्या वर्षीची स्मरणिका निम्मी इंग्रजीत निघाली.

आम्ही पत्रक काढलं. बाबा आणि मी. मजकूर दोघांचा, मांडणी माझी. त्या एकेकाळी विव्हळणाऱ्या डब्यावर, फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये, आता न तुटणाऱ्या अक्षरांत. मथळा होता ‘फुकट कुणाला काय मिळालं?’ आम्ही विचारलं होतं, पिढ्यान्‌पिढ्या शाळेचं दार कुणाला फुकट उघडं मिळालं? गावाची विहीर कुणाला? ज्याचा अर्थ कुणी विचारत नाही असं आडनाव कुणाला फुकट मिळालं? आणि जे शिकले ते, इथे विमानानं आल्यावर, पहिल्या दिवशी पहिला प्रश्न कुठला विचारतात?

दिवाळीच्या कार्यक्रमाला मंडळानं शाळेचा हॉल घेतला होता. आम्ही आत गेलो नाही. पार्किंगमध्ये उभं राहून वाटलं. ओला बर्फ पडत होता. काहींनी घेतलं, काहींनी हात खिशातच ठेवले. बरीच पत्रकं दाराशी चिखलात पडली होती, त्यांच्यावर बुटांचे ठसे. बाबा ती उचलत होते. मी म्हटलं, असू द्या. सुधीरकाका शेरवानी सावरत आमच्या शेजारून गेले. बाबांनी पत्रक पुढे केलं. ‘नंतर,’ काका म्हणाले.

केतकीनं मात्र घेतलं आणि तिथेच उभं राहून वाचलं. हळू, ओठ हलवत, कारण तिला मराठी वाचायला वेळ लागतो. तिच्या कोटाच्या फरवर बर्फ पडून वितळत होता. ‘यू डिड धिस?’ तिनं विचारलं. मी हो म्हटलं. ती कागदाकडे बघत राहिली, मग म्हणाली, ‘इट्स रिअली गुड.’ आणि आत गेली. काचेच्या दारामागे उजेड होता, पेटीचे सूर होते, फराळाचा वास होता. मी बाहेरून बघितलं. मला तेव्हाही तिचा कोट हवा होता.

मत्सर गेला, असं मी लिहिणार नाही. गेलेला नाही. तो चंदेरी लॅपटॉप मला अजून हवा आहे. एक दिवस मी तो घेईन, आणि घरी आणल्यावर पहिल्याच दिवशी त्यातली सिस्टिम पुसून माझी घालीन. कुणी मला समजावू नका की हेवा वाईट. ज्यांच्याकडे सगळं आहे त्यांनी तो सुविचार लिहून ठेवलेला आहे, आपल्यासाठी. माझ्या हेव्यानं मला शोधायला लावलं. तो मी टाकणार नाही. धार लावून ठेवीन.

आणि हेही लिहून ठेवते. दुसऱ्याच्या खुर्चीत बसून मी पुन्हा काम करणार नाही. माझ्याकडे जे आहे ते मागेल त्याला मिळेल, काकांनासुद्धा, कुठले म्हणून न विचारता. पण माझे हात ज्या पानाला लागतील त्या पानावर मी असेन. पत्रकाच्या तळाशी बाबांच्या जुन्या ओळीत मी थोडी भर घातली आहे. वाचा. कॉपी काढा. पुढच्या माणसाला द्या. खालचं नाव खोडू नका.

त्याखाली माझं नाव. आडनावासकट.